घोडी भारी, शिंगरू हलकं: गेममधल्या घोड्यांची तुलना कुठं चुकते

आधी लक्षणं सांगतो. यातलं एक जरी तुमच्या पागेत दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

– दोन घोड्या शेजारी ठेवून आकडे बघितले, जिचे मोठे ती फळवली, आणि शिंगरू मात्र दुसरीच्या शिंगरापेक्षा हलकं निघालं.
– लिलावात महागाचा घोडा घेतला आणि शर्यतीत तो कुणाच्या तरी स्वस्तातल्या घोड्याच्या मागं राहायला लागला.
– तीन-तीन पिढ्या झाल्या, शिंगरांचा आकडा आहे तिथंच.
– परवापर्यंत पुढं येणारा घोडा आज मागं पडला, आणि तुम्ही तर मधे काहीच बदललेलं नाही.
– एकाच घोड्यावरून दोघांचं भांडण लागलंय, दोघांकडं स्क्रीनशॉट आहेत, आणि दोन्ही स्क्रीनशॉट खरे आहेत.

शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त वेळा माझ्याकडं येतं.

मी हाउर्स खेळतो. २००५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला, ब्राउझरवर चालणारा घोडे पाळण्याचा गेम. लोहा, कंधार, अहमदपूर आणि परभणी असा आमचा छोटा ग्रुप आहे, त्यातली बरीच लेकरं माझ्याच नात्यातली. "मामा, गेम गंडायलाय, बघा की" असा निरोप आला की मला आता अंदाज असतो. बहुतेक वेळा गेमला काही झालेलं नसतं, तुलना चुकलेली असते. गेल्या काही वर्षांत एवढ्या जणांची तीच तुलना बसून सरळ करून दिली, की शेवटी क्रम लिहून ठेवावा असं ठरवलं.

चूक एकाच जागी होते. "हा घोडा चांगला का तो?" हा आपल्याला एक प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत. घोड्यात उपजत काय आहे? त्यानं कमावलंय किती? आणि तो पुढं शिंगराला देणार काय? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या आकड्यांत असतात. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की वर लिहिलेलं सगळं घडतं.

वय आणि जात

ही तपासणी फुकटची आहे आणि पाच सेकंदांची. तरी तीच सगळ्यांत जास्त राहून जाते.

आमचे आजोबा माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडा बघायला गेले की भाव विचारायच्या आधी तोंड उघडायला लावायचे. दुधाचे दात पडून कायमचे यायला लागतात, आणि साधारण पाचव्या वर्षी घोड्याचं तोंड पूर्ण होतं. वय कळल्याशिवाय बाकीचं बोलणं नाही, असा त्यांचा नियम होता. पावणेदोन वर्षांच्या शिंगराला सात वर्षांच्या घोड्याशेजारी उभं करून उंचीवर बोलणारा माणूस त्यांना सहन व्हायचा नाही.

गेममध्ये हेच करा. हाउर्समध्ये एका दिवसाला घोडा दोन महिन्यांनी वाढतो, म्हणजे सहा दिवसांत एक वर्ष. तुमच्या मित्रानं घोडी तुमच्या पंधरा दिवस आधी घेतली असेल तर ती अडीच वर्षांनी मोठी आहे. तेवढ्या काळाचं प्रशिक्षण तिच्या अंगावर आहे. तिची एकूण कौशल्यं जास्त दिसणारच.

जात का बघायची तर प्रत्येक जातीचा कल वेगळा असतो. एकीचं बळ धावण्यात, दुसरीचं उडीत, तिसरीचं दमात. दोन वेगळ्या जातींची बेरीज सारखी आली तरी ते घोडे सारखे नसतात. वय किंवा जात जुळत नसेल तर तुलना तिथंच थांबवा. जुळेल तेव्हा परत बघा.

कोणता आकडा वाचताय

घोड्याच्या पानावर सहा कौशल्यं दिसतात: दम, वेग, ड्रेसाज (शिकवलेली डौलदार चाल), गॅलप (भरधाव दौड), ट्रॉट (दुडकी चाल) आणि उडी. त्यांची बेरीज म्हणजे घोड्याची आजची ताकद. त्यात उपजत भाग आहे आणि प्रशिक्षण, रपेट, स्पर्धा यातून चढलेला भागही आहे. वेगळ्या ठिकाणी जेनेटिक पोटेन्शियल लिहिलेलं असतं, आपण सगळे त्याला जीपी म्हणतो. तो जन्माचा आकडा. प्रशिक्षणानं तो हलत नाही.

पैदाशीसाठी घोडी निवडताना कौशल्यांची बेरीज बघू नका, जीपी बघा. शिंगराला आईचा व्यायाम मिळत नाही.

भाच्याची गोष्ट सांगतो. गेल्या दिवाळीत लाइट गेलेली, आम्ही दोघं अंगणात बाजेवर, मधे दोन मोबाइल. एकावर त्याची चांदणी, दुसऱ्यावर त्याच्या कंधारच्या मित्राची घोडी. चांदणीची बेरीज जवळजवळ दुप्पट, आणि शिंगरू मात्र मित्राच्या घोडीचं भारी. पोरगं रडकुंडीला आलेलं. मी त्याला काही समजावलं नाही. कौशल्यांच्या सगळ्या ओळी बोटानं झाकल्या आणि म्हणालो, "आता वाच." उरला जीपी. मित्राच्या घोडीचा जास्त होता. ती अजून तीन वर्षांचीच होती, तिला काही शिकवलेलंच नव्हतं, म्हणून बेरीज लहान दिसत होती. तो बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे चांदणी शिकलेली हाय, ती जलमाची हाय." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

तेव्हापासून ग्रुपमध्ये नियम केलाय: स्क्रीनशॉट टाकायचा तर पानाचा पूर्ण टाकायचा, वय, जीपी आणि बेरीज तिन्ही दिसली पाहिजेत. अर्धवट स्क्रीनशॉटवर कुणी मत द्यायचं नाही. भांडणं एकदम कमी झाली.

खोगीर उतरवा

दोन घोड्यांची शर्यतीतली कामगिरी जुळत नसेल तर दोघांचं साहित्य बघा. खोगीर, लगाम, खोगिराखालचं कापड यांचा स्पर्धेत फायदा मिळतो, आणि चांगल्या प्रतीच्या साहित्याचा जास्त. एकाच्या पाठीवर उत्तम खोगीर आणि दुसऱ्याच्या पाठीवर साधं, अशी तुलना घोड्यांची होत नाही, खोगिरांची होते.

तिथंच क्लासिक आणि वेस्टर्न, या गेममधल्या घोडेस्वारीच्या दोन पद्धती, हेही बघून घ्या. दोन्हींच्या स्पर्धा वेगळ्या, साहित्य वेगळं. क्लासिकला लावलेला घोडा आणि वेस्टर्नला लावलेला घोडा यांच्या जिंकलेल्या स्पर्धा मोजून श्रेष्ठ कोण ते ठरत नाही.

त्या दिवशीची ऊर्जा, तब्येत आणि मनोबल पण बघा. उपाशी आणि दमलेला घोडा हरतो. परवा पुढं असलेला आज मागं का, याचं उत्तर मला बहुतेक वेळा इथंच सापडलंय.

किंमत आणि रूप

लिलावातली किंमत हा गुणवत्तेचा आकडा नाही. गोल्डन ॲपल ही गेममधली वस्तू लावलेला घोडा दिसायला देखणा होतो, त्याचं चित्र बदलतं. त्याचा जीपी तोच राहतो, वेग तोच राहतो. तरी लोक त्यासाठी पास मोजतात, आणि पास खऱ्या पैशांनी मिळतात. म्हणून मी हे जरा जोर देऊन सांगतो.

बाजारातही असंच आहे. मानेवर देवमण म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा आहे, घोडा पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला आहे, रंग कुमैत आहे का अबलख, यावर भाव वर-खाली होतो. ती परंपरा आहे, तिचा मान आहे, आणि विकताना ती किंमत खरीच मिळते. पण पळण्याचा दम भोवऱ्यात नसतो. आजोबा देवमण बघायचे, पण दात, खूर आणि चाल बघून झाल्यावर.

आवडलं म्हणून देखणा घोडा घ्या, त्यात काही चूक नाही. फक्त त्या घोड्याला पैदाशीच्या यादीत वरचा नंबर किमतीवरून देऊ नका.

कोणत्या स्पर्धेसाठी

दोन घोड्यांची बेरीज सारखी, वय सारखं, खोगीर सारखं, तरी एक सतत जिंकतो. मग बेरीज फोडून बघा. कोणत्याही एका स्पर्धेत सहाही कौशल्यं मोजली जात नाहीत. काही मोजली जातात, आणि त्यातल्या मुख्य कौशल्याचं वजन सगळ्यात जास्त. उडीच्या स्पर्धेत ज्याची उडी मोठी तो पुढं, मग दुसऱ्याचा ट्रॉट कितीही भारी असो. ट्रॉटमध्ये भरलेले गुण तिथं वाया गेलेले असतात.

कागदावर दोन ओळी ओढा. स्पर्धेत मोजली जाणारी कौशल्यं तेवढीच लिहा, बाकी सोडून द्या. बहुतेकांचा प्रश्न इथवर सुटलेला असतो. पुढच्या तपासण्यांना दिवस लागतात, काहींना आठवडे.

ब्लप: नाव एक, अर्थ दोन

जीपी जास्त असलेली घोडी फळवली आणि तरी शिंगरू कमी भरलं, तर घोड्याच्या पानावरचा ब्लप (BLUP) हा आकडा बघा. हाउर्समध्ये तो उणे १०० पासून १०० पर्यंत जातो. घोडा आपला जीपी शिंगराला किती चांगला देऊ शकेल, ते हा आकडा सांगतो. शिंगरू जन्मतं तेव्हा ब्लप तळाला असतो. तो १०० वर न्यायचा तर घोडा १० वर्षांचा व्हावा लागतो, प्रशिक्षण पूर्ण व्हावं लागतं आणि २० स्पर्धा जिंकाव्या लागतात. जीपी भरपूर पण ब्लप उणे असलेली तरणी घोडी घाईनं फळवली, की तिच्यात आहे ते शिंगरापर्यंत पूर्ण पोचत नाही. तीन पिढ्या आकडा हलत नाही असं ज्यांचं होतं, त्यांच्या पागेत मला जवळजवळ प्रत्येक वेळी हीच घाई दिसली.

म्हणून दोन घोड्यांचा जीपी थोड्या फरकानं वर-खाली असेल तर ब्लप ज्याचा १०० तो आज फळवायला चांगला. दुसऱ्याला वाढू द्या. तरणी घोडी खराब नाही, ती तयार नाही. विकून टाकू नका. हे मी इतक्या लेकरांना सांगितलंय आणि इतक्या जणांनी तोपर्यंत विकून टाकलेली असते, की दरवेळी जिवाला लागतं.

इथं एक गुंता आहे, आणि तो शिकलेल्या माणसांना जास्त अडवतो. परभणीला पशुवैद्यकीय शिकणारी माझी पुतणी हा गेम बघून म्हणाली, "काका, हे उलटं आहे." तिचं बरोबर होतं. ब्लप हा शब्द गेमनं शोधलेला नाही. चार्ल्स हेंडरसन या अमेरिकन पशुप्रजनन शास्त्रज्ञानं विकसित केलेली ती संख्याशास्त्रातली पद्धत आहे, दुभत्या जनावरांच्या निवडीत ती फार वापरली गेली. फ्रान्समध्ये उडीच्या स्पर्धांतल्या घोड्यांचेही असे निर्देशांक काढतात. खऱ्या ब्लपचं काम असतं जनावराच्या कामगिरीतून चारा, निगा, प्रशिक्षण यांचा वाटा बाजूला काढणं आणि नात्यातल्या जनावरांची माहिती जोडून उपजत वाटा किती याचा अंदाज करणं. तो अंदाज आहे. घोड्यानं स्पर्धा जिंकल्या म्हणून त्याच्या रक्तात काही नवीन येत नाही, आपल्याला त्याच्याबद्दल जास्त कळतं एवढंच.

गेममधला ब्लप मात्र कमवायचा असतो. तो वाढवला की शिंगराला जास्त मिळतं. पुतणीनं खऱ्या अर्थानं वाचला म्हणून तिला वाटलं, कमी ब्लप म्हणजे घोडी जातीची नाही. तसं नाही. गेममध्ये कमी ब्लप म्हणजे काम बाकी आहे. गेम गेमच्या नियमानं वाचा, आणि गेममधलं गोठ्यात नेऊ नका.

शिंगरांची परीक्षा

ही तपासणी ज्या गेममध्ये वारसा थोडा नशिबावर सोडलेला असतो तिथं लागते. असे गेम भरपूर आहेत: तेच आई-बाप, आणि प्रत्येक वेळी शिंगरू वेगळं. तिथं एका शिंगरावरून घोडीला नाव ठेवू नका आणि एका शिंगरावरून तिची पूजाही करू नका.

समजा दोन घोड्या आहेत. पहिलीची पाच शिंगरं ८२८, ८०६, ८३५, ८१९ आणि ८१२ भरली. दुसरीची ८४१, ७९८, ८०९, ८०३ आणि ८०४. सगळ्यात भारी शिंगरू दुसरीचं आहे, ८४१. ग्रुपमध्ये फोटो त्याचाच फिरणार. पण सरासरी काढा: पहिलीची ८२०, दुसरीची ८११. पुढच्या वेळी पैसे कुठं लावायचे ते सरासरी सांगते. ८४१ वालं शिंगरू ठेवून घ्या, छान आहे ते, पण त्याच्या आईला वरचढ म्हणायला एवढं पुरत नाही.

एक अट काटेकोर पाळा. दोन्ही घोड्यांना नर एकच लावा. एकीला मित्राचा भारी नर आणि दुसरीला पागेतला साधा, असं झालं की तुम्ही घोड्या मोजत नाही, नर मोजताय. आणि नर तपासायचा असेल तर उलट करा, दोन्ही नर त्याच घोड्यांना लावून बघा. आपल्याकडं देवणीचा वळू निवडताना जाणते लोक त्याच्या आईचं दूध विचारतात, बहिणी कशा आहेत ते बघतात. वळू स्वतः दूध देत नाही, म्हणून त्याच्या गोतावळ्याकडं बघावं लागतं. तीच रीत.

पाच शिंगरं म्हणजे पाच वेळा फळवण्याची फी, आणि दरवेळी अकरा महिने गाभण. म्हणून ही तपासणी इतकी खाली ठेवली आहे. वरच्या सगळ्या झाल्याशिवाय हात घालू नका.

वंशावळ आणि वही

सगळं करूनही पिढ्या पुढं सरकत नसतील तर वंशावळ उघडा. बऱ्याच पागांत एकच गाजलेला नर दोन्ही बाजूंनी दिसतो. खऱ्या जनावरांत सावत्र भावंडांच्या संकरातून झालेल्या पिलाचा आंतरप्रजननाचा गुणांक १२.५ टक्के येतो आणि सख्ख्या भावंडांच्या संकरात २५ टक्के. त्यानं जोम आणि प्रजननक्षमता घटते. काही गेम हे मोजतात, काही अजिबात मोजत नाहीत. तुमच्या गेमच्या मदत पानावर याचा उल्लेख आहे का ते वाचा. उल्लेख नसेल तर वंशावळीवर रात्री जागवू नका. तुमची अडचण बहुधा ब्लपची आहे, परत वर जा.

आणि वही ठेवा. स्प्रेडशीट जमत असेल तर उत्तमच, पण माझी लाल पुठ्ठ्याची खतावणी आहे, तिनं कधी दगा दिला नाही. रकाने असे: नाव, जात, जन्मतारीख, जीपी, ब्लप, आई, बाप, शिंगरांचे जीपी. कौशल्यांची बेरीज मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की डोळा तिच्याकडंच जातो.

कुठं थांबायचं

वय, जात, साहित्य, ब्लप सगळं जुळवलं आणि तरी पानावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे सहा कौशल्यांची बेरीज खाली लिहिलेल्या बेरजेइतकी येत नाही, किंवा एकाच घोड्याचा जीपी दोन पानांवर दोन दिसतो, तर तो तुमच्या हातातला बिघाड नाही. पान एकदा रिफ्रेश करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. तरी तसंच असेल तर पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, घोड्याची लिंक आणि वेळ लिहून गेमच्या मदत विभागाला कळवा. उत्तर येईपर्यंत तो घोडा विकू नका आणि फळवू नका, नाहीतर त्यांना तपासायला काही उरत नाही.

कुणी "तुझा जीपी वाढवून देतो, पासवर्ड दे" म्हणत असेल तर तिथंच थांबा. जीपी जन्माचा आहे, तो असा कुणी वाढवून देऊ शकत नाही. पासवर्ड दिला असेल तर लगेच बदला. खरे पैसे गेले असतील तर ग्रुपवर चर्चा करत बसू नका, आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पैसे अडवायला पहिले काही तासच कामाचे असतात. लेकरानं पैसे गमावले असतील तर घरच्यांनी ओरडणं नंतरसाठी ठेवावं, पहिला फोन लावावा.

आणि हा गेम खेळून कुणाला खरा घोडा घ्यायची ओढ लागली असेल, आमच्या ग्रुपमध्ये दोघांना लागलीच, तर यातलं काही तिथं लावू नका. खऱ्या घोड्याच्या अंगावर आकडे लिहिलेले नसतात. लंगडणं औषध देऊन दोन दिवस झाकता येतं, आणि ते तुम्हाला-मला दिसत नाही. जनावर आधीच घरी असेल आणि आजारी वाटत असेल तर १९६२ वर फोन करा, पशुवैद्यकीय सेवेचा तो टोल फ्री क्रमांक आहे. माळेगावला जाताय तर मार्गशीर्षात गर्दी व्हायच्या आधी ओळखीच्या पशुवैद्यांना तारीख विचारून ठेवा, आणि त्यांनी दात, डोळे, खूर, श्वास आणि चाल बघितल्याशिवाय इसार देऊ नका.